यशया मास्तरांची इच्छा

शनिवारी दुपारी यशया मास्तरांनी अंगणात सायकल उलटी करून ठेवली होती आणि साखळीला तेल देता देता ते लेकीची उलटतपासणी घेत होते. नगरच्या मिशन कंपाउंडातल्या शाळेत त्यांची हयात गेलेली. प्रश्न विचारल्याशिवाय त्यांच्या हातून कोणतंच काम होत नसे.

"मग कृपे, पुणं का मुंबई?"

कृपा उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. सोलापूरला मावशीकडे राहून ती इंटर सायन्स झाली, पण मावशीच्या यजमानांची बदली झाली आणि शिक्षण तिथंच थांबलं. तेव्हापासून ती बाबांच्या शाळेत पहिलीच्या पोरांना बेरजा शिकवत होती. आता दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. बी.एस्सी.ची शेवटची दोन वर्षं, विषय रसायन, आणि दोन कॉलेजं तिला घ्यायला तयार होती.

"पुण्याला मिशनचं वसतिगृह आहे," मास्तर म्हणाले. "सकाळच्या मोटारीत बसलो की सुपा गाव मागं पडेपर्यंत एक डुलकी, आणि दुपारी तुझ्या दारात. मुंबईचं काय? तिथली हवा खारट. तुझी रसायनं बिघडायची."

"बाबा, मीठ काय बिघडवतं?"

"बायबलातल्या लोटाच्या बायकोला विचार. बाई मिठाचा खांब झाली, पण ते मीठ कुठलं, हे कुणी तपासलंय? तेवढं शिकून ये म्हणजे झालं."

आतून कृपाची आई मालनबाई हसल्या. "देवाच्या वचनाची थट्टा नको हं!"

कृपाही हसली, पण पोटातलं बोलली नाही. पुण्याच्या त्या कॉलेजात शिकलेल्या रोझीनं तिला सांगितलं होतं, की प्रयोगशाळेत थेंब मोजून सोडायची काचेची नळी, ब्युरेट, मुलांच्या हातात असते आणि मुली मागं उभ्या राहून आकडे उतरवतात. मुलींचं अक्षर चांगलं असतं म्हणे! मुंबईला मात्र ज्याचं त्याला टेबल होतं. कृपाला स्वतःच्या हातानं थेंब सोडायचा होता. पण 'दुपारी तुझ्या दारात' म्हणताना बाबांचा चेहरा असा उजळला होता, की ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं? रसायन मी शिकणार आहे का?" मास्तरांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. "उद्या चर्चमध्ये मंडळीपुढं प्रार्थनेला नाव द्यायचंय. गावाचं नाव न घेता प्रार्थना केली तर देव तुला पाठवणार कुठं? त्याला पत्ता नको?"

"सकाळी सांगते."

कंपाउंडात तसा रिवाजच होता. शिकायला बाहेर जाणाऱ्याचं नाव आणि गाव रविवारी उपासनेत घेतलं जाई, सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करी, आणि एकदा प्रार्थना झाली की त्याला मागं ओढायची पंचांचीही छाती होत नसे.

सकाळी मास्तर कोट चढवून निघाले आणि बुटाची नाडी बांधायला पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी स्मरणाची उपासना झाली. अशा वेळी माणसं एकेक करून उभी राहत आणि गेलेल्याबद्दल साक्ष देत. साक्षीला उलट साक्ष द्यायची नाही, हा आणखी एक रिवाज. कुणी म्हणालं, मास्तरांनी आपल्याला मारून शिकवलं. कुणी म्हणालं, न मारता शिकवलं. दोन्ही गोष्टी सगळ्यांनी मान डोलावून मान्य केल्या.

मग आबासाहेब उठले. ते मंडळीचे पंच, शाळेचे सेक्रेटरी, आणि मास्तरांची जागा रिकामी पडल्यापासून बेजार.

"जायच्या आदल्या दिवशी मास्तर मला भेटले," त्यांनी सांगितलं. "म्हणाले, आबासाहेब, माझ्यामागं माझी शाळा माझ्या कृपानं चालवावी, एवढीच इच्छा आहे."

"आमेन," पुरुषांच्या बाजूनं आवाज आला.

कृपाच्या कानशिलांत रक्त तापलं. आदल्या दिवशी बाबा सकाळपासून झोपेपर्यंत घराबाहेर पडले नव्हते, आणि आबासाहेब घरी आले नव्हते. सायकल उघडून बसलेला माणूस यांना भेटला कुठं? जिवंत असताना ज्या मास्तरांचं पंचांनी एका सभेत ऐकून घेतलं नाही, त्यांच्या तोंडून आता हे खुशाल बोलत होते. आणि पांढरे सदरे घातलेली ही सगळी माणसं त्याला आमेन म्हणत होती! माती अजून ओली होती. तिच्याखालचा माणूस उठून 'खोटं' म्हणणार नाही, एवढ्याच भरवशावर तिची दोन वर्षं, आणि दोनच कशाला, सगळीच, वाटून टाकली जात होती.

शेजारी बसलेल्या झुंबरबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. मालनबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून त्या पदराआडून कुजबुजल्या, "आगं, बसलीस काय गप? त्यो खोटं बोलतोय, तू बी बोल. म्हन, बाबा मला पुन्याला जा म्हनले हुते. मेल्या मानसाचा शबूद लई भारी आसतो. कोन न्हाई म्हननार न्हाई."

कृपाला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला स्वतःचा संताप आला. पुणं म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. वसतिगृह मिशनचं, गाव जवळचं, इच्छा बापाची. पण म्हणजे बाबांना आणखी एकदा बोलायला लावायचं, आणि तेही तिनंच; आणि त्यातून मिळणार काय, तर मुलांच्या मागं उभं राहून आकडे उतरवायचे!

"आणखी कुणाला साक्ष द्यायची आहे?" उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं.

कृपा उभी राहिली. बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आबासाहेबांनी मान डोलवायची तयारी केली.

"आबासाहेब, बाबा शनिवारी तुम्हांला भेटले नाहीत," ती म्हणाली. "दिवसभर ते घरी होते, आणि तुम्ही घरी आला नव्हता."

"पोरी, साक्षीला असं..."

"मला माहीत आहे. बसा तुम्ही."

आबासाहेब बसले. आपण का बसलो, हे त्यांनाही कळलेलं दिसलं नाही.

"बाबांची इच्छा काय होती ते मी सांगणार नाही, कारण त्यांनी ती मला सांगितली नाही. ते मलाच विचारत होते. इथं मात्र मला कुणीच विचारलं नाही." तिचा आवाज चढला, तिनं तो खाली आणला. "म्हणून माझं मीच सांगते. मला शाळा चालवायची नाही. मला पुण्याला जायचं नाही. मला मुंबईच्या कॉलेजात रसायन शिकायचं आहे, माझ्या हातानं. प्रार्थना करायची तर मुंबईचं नाव घेऊन करा, नाहीतर मी तशीच जाईन."