दादाचा कोट आणि माझी तापलेली मोटर

मी एक जुना बँडसॉ आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. दोन मोठी चाके, त्यांच्यावरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, मधोमध लाकूड ठेवायचे टेबल आणि पायाशी एक मोटर, एवढाच माझा संसार. सरळ कापणारी करवते पुष्कळ आहेत. लाकडातून वळण काढायचे असेल, तर लोक माझ्याकडे येतात. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे, तो आधीच सांगून टाकतो.

मला एका कारखान्यात ओतले, तासले आणि हिरवा रंग दिला. दादाने, म्हणजे माझ्या मालकाने, मला आपल्या सुतारकामाच्या कार्यशाळेत आणले, त्या दिवशी माझ्या वजनाने दारातली एक पायरी फुटली. दादाने आधी पायरी दुरुस्त केली आणि मगच माझे बटण दाबले. माणूस असा होता. त्याने आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे ताईला, माझ्यावर काम शिकवले आणि एक रीत घालून दिली. कापकाम थांबले की वीज बंद करायची, मोटरवर तळहात ठेवायचा आणि आकडे मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर मोटर मजेत. पाचाच्या आत हात उचलावा लागला, तर काहीतरी बिघडले आहे.

तीन वर्षांपूर्वी एका आजारपणात दादा गेला. मी कित्येक महिने कोपऱ्यात पडून होतो. टेबलावर गंज चढला, चाकांत कोळ्यांनी घरे केली. मग एके सकाळी ताई हातात पॉलिशपेपर घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून मनसोक्त रडली. रडता रडताच तिने गंज काढायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून दादाची बायको, म्हणजे वहिनीही, शिलाई मशीन घेऊन कार्यशाळेत आली. ताई खुर्च्या करी, वहिनी त्यांच्या गाद्या शिवी.

वहिनीला माझी फार काळजी. भुशाने मोटर खराब होईल म्हणून तिने दादाचा कामाचा जाड कोट उसवला आणि त्यातून मोटरसाठी एक घट्ट अंगरखा शिवला. दादाचा पेन्सिल ठेवायचा खिसा तिने तसाच राहू दिला. ताई त्याच खिशात आपली पेन्सिल ठेवू लागली. येणारे-जाणारे म्हणत, "मोटरचे लाड बघा!" मी फुशारलो. छोट्या छोट्या कामांत तो कोट मला कधी जड वाटला नाही.

मग एक दिवस जवळच्या शाळेतल्या बाई आल्या.

"माझ्या वर्गात बारा मुलं आहेत. पाठीत बळ नाही, त्यामुळे साध्या खुर्चीत बसता येत नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "चटईवर पडून शिकतात. फळा दिसत नाही, नुसतं छत दिसतं. पुढच्या सोमवारी शाळा उघडतेय. तोवर खुर्च्या मिळतील?"

ताईने मापांचा कागद घेतला. प्रत्येक मुलाचे माप वेगळे, प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजू वेगळ्या वळणाच्या. एकूण चोवीस बाजू, त्याही जाड, टणक लाकडाच्या.

"मिळतील," ताई म्हणाली. बाई गेल्यावर वहिनीने विचारले, "इतक्या दिवसांत जमेल?" त्यावर ती म्हणाली, "आता हो म्हणून बसलेय, तर जमवायलाच हवं ना!"

पहिल्याच दिवशी तिसरी बाजू कापताना माझ्या मोटरमधून जळका वास आला आणि मी बंद पडलो. ताईने तळहात ठेवला. "एक, दोन..." म्हणत तिने चटकन हात उचलला.

तिने पदर खोचला आणि एकेका गोष्टीचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली. रोज सकाळी ती कोट काढून खिळ्याला अडकवी, मोटर तपासी आणि काय केले ते माझ्या चाकांवरच्या हिरव्या दारावर खडूने लिही. 'पट्टी बोथट. बदलली.' 'मोटरचा पट्टा फार ताणलेला. सैल केला.' 'चाके हाताने फिरवली. आवाज नाही.' 'बारीक वायर काढली, जाड लावली.' खाली तळहाताचे दोन आकडे: सकाळी दहापर्यंत, दुपारी दोनपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मी ताजातवाना, दुपारी तापाने फणफणलेला!

कारण मला ठाऊक होते, मित्रांनो. दुपारी ताई हात धुऊन जेवायला बसे, तेव्हा वहिनी भुसा झाडी आणि मला मायेने कोट चढवी. वर नाड्यांच्या दोन गाठी मारी. माझ्या मोटरच्या मागे एक छोटा पंखा आहे, तो जाळीतून हवा ओढतो आणि मोटर गार ठेवतो. कोटाने ती जाळीच झाकली जाई. मी गुदमरत होतो, आणि कोट घातलेला मी ताईच्या इतका सवयीचा होतो, की तो तिच्या डोळ्यांना दिसतच नव्हता. मला बोलता येत असते तर मी बोंब मारली असती. पण मला फक्त गुरगुरता येते.

वायरमन आला. त्याने मोटर तपासली ती सकाळी, म्हणजे मी मजेत असताना. "मोटर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दुपारी समोरचं वेल्डिंग सुरू होतं, त्यानं विजेचा दाब कमी होत असेल. नाहीतर नवी मोटर मागवा. यायला तीन आठवडे लागतील."

तीन आठवडे! ताई तडक समोरच्या वेल्डरकडे गेली.

"तुझी मोटर तापते म्हणून मी थंड बसू होय?" तो म्हणाला. पण बारा मुलांचे ऐकल्यावर त्याने खरोखरच दोन तास यंत्र बंद ठेवले आणि आमच्या दारात येऊन बसला. मी तरीही तापलो. वेल्डर मान हलवत परत गेला. ताईने दारावर लिहिले, 'वेल्डिंगचा दोष नाही.' तिच्या हातातला खडू मोडला, तो तिने उचलला आणि कोटाच्या खिशात ठेवला. अजून नऊ बाजू बाकी होत्या.

शुक्रवारी बाईंनी मुलांना शाळेत बोलावले होते, म्हणून वहिनी गाद्यांची मापे घ्यायला सकाळीच तिकडे गेली. दुपारी ताईने घाईघाईत दोन घास खाल्ले आणि मला सुरू केले. समोर वेल्डिंग जोरात चालू होते. एक बाजू झाली, दुसरी झाली. तिने वीज बंद करून हात ठेवला. "आठ, नऊ, दहा." तिने हात काढलाच नाही.

ती दारावर खडूने लिहिलेले पुन्हा पुन्हा वाचू लागली. मग पेन्सिल घ्यायला तिने नेहमीसारखा मोटरकडे हात नेला. खिसा तिथे नव्हता. कोट खिळ्यावर होता.

तिने कोट मोटरला चढवला, अर्धा तास मला चालवले आणि हात ठेवला. दोन! कोट काढून मला गार होऊ दिले, पुन्हा तेवढेच चालवले. दहा! ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण ती हसली नाही. कोट मांडीवर घेऊन बसून राहिली. हे वहिनीला सांगायचे कसे, एवढाच प्रश्न आता उरला होता.

वहिनी आल्यावर ताई म्हणाली, "वहिनी, आज तू मोज."

कोट घालून दोन. कोट काढून दहा. वहिनी माझ्यापाशीच खाली बसली.

"म्हणजे मीच याचा श्वास कोंडला होता."

"त्याचं जाऊ दे, तो लोखंडाचा आहे," ताई तिच्याजवळ बसत म्हणाली. "मी वेल्डरसमोर हात जोडले ते बघ! आता आयुष्यभर ऐकवणार तो मला."

वहिनी हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. "त्याचा कोट होता गं. वाटायचं, तो अजून मोटर सांभाळतोय."

ताई उठली. तिने मला सुरू केले. शनिवारभर आणि रविवारभर मी उघड्या अंगाने कापत राहिलो. माझ्या आवाजाखाली वहिनीची कात्री चालत होती. प्रत्येक खुर्चीला मूल पुढे झुकू नये म्हणून छातीशी एक रुंद पट्टा लागणार होता. वहिनीने त्या कोटाचे बारा पट्टे कापले.

सोमवारी बारा खुर्च्या गेल्या. मी कसा जाणार? माझे पाय बोल्टने जमिनीला जखडलेले. पण परत आल्यावर वहिनीने भुसा झाडता झाडता मला सगळे सांगितले. खिशाचा पट्टा सगळ्यात लहान मुलीच्या वाट्याला आला. तिने त्या खिशात खडू ठेवला आणि खुर्चीतून फळ्याकडे बघतच राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र असेल. त्याला पुसा, तेल द्या, त्याच्यावर मायाही करा. पण पांघरूण घालण्याआधी ते श्वास कुठून घेते, तेवढे बघा. माझ्या मोटरवर आता जाळीसमोर मोकळा राहील असा पत्र्याचा छोटा आडोसा आहे, तो वेल्डरने चिडवत चिडवत करून दिला. आणि रोज काम संपले की वहिनी वीज बंद करून तळहात ठेवते. काल ती दहाच्या पुढेही मोजतच राहिली.