लुशियसच्या गुन्ह्याचा दाखला

"माझ्या नवऱ्याला दोनदा धरला, तरी म्हणतात हा पुरेसा गुन्हेगार नाही," परवाना कचेरीत मागच्या खुर्चीवरची बाई पुटपुटली, इतक्या जवळून की ओडेसा टॉलिव्हरच्या मानेला तिचा श्वास लागला. "आता काय, तिसऱ्यांदा धाडू?"

ओडेसाने मान न वळवता नुसता हुंकार भरला. शेजारी तिचा धाकटा भाऊ लुशियस चर्चचा सूट घालून बसला होता. वय सत्तेचाळीस. चोविसाव्या वर्षी मूठभर गांज्यापायी तो आत गेला आणि साडेपाच वर्षांनी बाहेर आला. आता तोच गांजा कायद्याने खुला होऊन मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने काचेच्या दुकानांत लेबलं लावून विकत होते, आणि विकणारे बहुतेक गोरे. याची सरकारला शरम वाटली. ज्यांनी यापायी तुरुंग भोगला त्यांना दुकानाचा परवाना आधी, असं जाहीर झालं. अर्जाची मुदत आज चार वाजता संपत होती.

अडचण एवढीच, की त्याच सरकारला गेल्या वर्षीही एकदा शरम वाटली होती. तेव्हा चर्चच्या तळघरात वकिलांचं शिबिर भरलं, तळलेला मासा आणि कोबीची कोशिंबीर वाढली गेली आणि दीडशे जणांचे गुन्हे सरकारी नोंदीतून पुसले गेले. त्यात लुशियसचाही. फायलींचा यंत्रात घालून भुगा केला. त्या दिवशी ओडेसाने आनंदाच्या भरात दोनदा मासा घेतला होता.

"नोंदीप्रमाणे तुम्ही अगदी स्वच्छ आहात," खिडकीपलीकडच्या मिसेस रेनफ्रो म्हणाल्या. याच वस्तीत वाढलेली काळी बाई, चष्म्याला मोत्यांची साखळी. "स्वच्छ माणसाला या खिडकीत काही मिळत नाही."

"अहो बाई, मी आत होतो की," लुशियस म्हणाला.

"मला दिसतंय हो. कागदाला दिसत नाही."

ओडेसाने पर्समधून फोटो काढला. भेटीच्या दिवशी तुरुंगातच काढतात तसला. मागे पडद्यावर रंगवलेला समुद्र, दोन माड, आणि पुढे आई, ओडेसा, लुशियस, तिघंही हसणारे. वस्तीत घरोघरी असे फोटो होते. पाहुण्यांनी विचारलं तर फ्लोरिडा म्हणायचं, अशी पद्धत होती.

मिसेस रेनफ्रोंनी तो उजेडात धरला. "माझ्या आईकडेही आहे असलाच," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज चढवून: "यात अर्जदार सुट्टीवर दिसतो."

"मग आता?" ओडेसाने विचारलं.

"ज्याने धरलं तो पोलीस आणा. जिवंत असेल तर."

"आहे जिवंत," लुशियस म्हणाला. "रोज दिसतो."

तो पोलीस, डेल हचिन्स, निवृत्तीनंतर दोन गल्ल्या पलीकडच्या गांजाच्या दुकानात दारावर रखवालदार होता. जो माल सापडला म्हणून जन्मभर माणसं धरली, तोच माल कुणी पळवू नये म्हणून आता उभा. लुशियसने जाऊन विनवलं तसा तो जेवणाच्या सुट्टीत अर्धं सँडविच हातात घेऊन आला. गोरा, पाय सुजलेले, स्वभावाने गोड.

"बाळा, मी इतकी माणसं धरलीत की चेहरे काही आठवत नाहीत. पण तुझं काम होत असेल तर तुलाही धरलं होतं म्हणून सांगतो."

"हिरवी ब्यूइक होती," लुशियस म्हणाला.

"हां, गाडी आठवते. छान ठेवलेली होती."

मिसेस रेनफ्रो भराभर लिहू लागल्या. "गाडी थांबवण्याचं कारण?"

"मागचा दिवा फुटलेला," हचिन्स सवयीने म्हणाला.

"डावा की उजवा?"

हचिन्सने सँडविचकडे पाहिलं. "डावा. आम्ही नेहमी डावाच लिहायचो."

लेखणी थांबली. मिसेस रेनफ्रोंनी चष्मा काढला. "हे बघा, कारण कायदेशीर असेल तर अर्ज इथेच राहील. नसेल तर सात नंबरच्या खिडकीत जाईल, चुकीच्या अटकांमध्ये."

"तिथे परवाना देतात?" ओडेसाने विचारलं.

"तिथे दिलगिरीचं पत्र देतात. सही साहेबांची असते, पण छापील."

त्यांनी कागद लुशियसपुढे सरकवला. 'वरील कारण मला मान्य आहे.' खाली सहीची जागा. भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं होती. हचिन्स जिभेने दातात अडकलेलं काही काढत बसला.

लुशियसने पेन उचललं आणि ओडेसाकडे पाहिलं. कोर्टातही त्याने असंच पाहिलं होतं. वकील म्हणत होता, भांडलात तर वीस वर्षं, कबूल केलंत तर सहा. ओडेसाने होकारार्थी मान हलवली आणि त्याने सही केली. गाडी तिची होती. तेवीस वर्षांत त्या मान हलवण्याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता, आणि तिने तर फ्लोरिडाच्या पलीकडे काही बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. आताही नुसती मान हलवायची, की दुकान त्याचं.

"ताई?" लुशियस म्हणाला.

ओडेसाने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि हचिन्सकडे वळली.

"साहेब, दोन्ही दिवे लागत होते. तुम्ही ती गाडी थांबवलीत, ती माझा भाऊ काळा आहे म्हणून."