शिडीचा डबल बेस आणि ताईचे गाणे

मित्रांनो, आधी माझा आकार सांगतो, म्हणजे एकदम समोर आलो तर दचकणार नाही. मी उभा राहिलो की माझे डोके दाराच्या चौकटीला लागते. पोट इतके मोठे की एखादे लहान मूल आत लपून बसेल. मान लांबलचक, आणि तिच्यावरून खाली आलेल्या चार जाड तारा. मी एक जुना डबल बेस आहे. व्हायोलिन तुम्ही पाहिले असेल. ते आमच्या घराण्यातले शेंडेफळ आणि मी थोरला. शेंडेफळाचे सगळेच लाड करतात. थोरल्याने मागे उभे राहून सगळ्यांना सांभाळायचे असते. मी जन्मभर तेच केले, आणि खरे सांगतो, मला त्यात फार आनंद मिळाला.

माझा जन्म एका वाद्यकाराच्या अरुंद दुकानात झाला. तिथे कायम लाकडाच्या भुश्शाचा आणि तापणाऱ्या सरसाचा, म्हणजे वाद्य जोडायच्या चिकट खळीचा, वास असे. वाद्यकार प्रत्येक फळी कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकायचा, तोंड वाकडे करायचा आणि बहुतेक फळ्या परत ठेवून द्यायचा. मला घडवायला त्याने इतका वेळ लावला की त्याची बायको वैतागून म्हणाली, "एवढ्यात एक घर बांधून झालं असतं." तो रंधा न थांबवता म्हणाला, "घर गात नाही." अशा माणसाच्या हातून मी घडलो, हे माझे पहिले भाग्य.

त्यानंतर मात्र मी बरेच दिवस कोपऱ्यात उभा होतो. गिऱ्हाइके माझ्याकडे बघून हसायची आणि बगलेत मावेल असे काहीतरी घेऊन जायची. एके दिवशी एक तरुण दारातून वाकून आत आला. तो छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायचा, आणि त्याच्या उंचीमुळे सगळे त्याला 'शिडी' म्हणायचे. त्याला गिटार हवी होती. वाद्यकाराने त्याला नखशिखान्त न्याहाळले. "गिटार तुझ्या हातात खेळणं दिसेल. तिकडे कोपऱ्यात बघ," तो म्हणाला. शिडीने माझी सर्वांत जाड तार ओढून सोडली. तो आवाज त्याच्या कानाआधी पोटात पोचला असावा, कारण त्याने एकदम पोटावर हात ठेवला. गिटारचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

शिडी तिसऱ्या मजल्यावर राहायचा. मला जिन्यावरून न्यायची एक रीत होती: आधी मान, मग पोट, आणि वळणावर श्वास रोखायचा. पुढे त्याचे लग्न झाले तेव्हा त्याची बायको पाहुण्यांना सांगायची, "घरात आम्ही तिघं. त्यातला एक जेवत नाही, तेवढंच सुख." पण हिवाळ्यात माझ्या अंगावर गोधडी टाकायची ती तीच.

शिडी एका जॅझ बँडमध्ये वाजवू लागला. शनिवारी संध्याकाळी नाचघरात लोक यायचे. आम्ही मागे, दिव्याच्या उजेडाबाहेर. शिडीची बोटे माझ्या तारांवर चालू लागायची, एकेक स्वर एकेका पावलासारखा, आणि बघता बघता साऱ्या खोलीचे पाय हलू लागायचे. टाळ्या मात्र सॅक्सोफोनवाल्याला मिळायच्या. शिडीला त्याचे काही वाटत नसे. त्याचे दुःख वेगळे होते.

त्याला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला वाढवले ते या ताईने. ताई चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीते, गाणाऱ्या गायकवृंदाची प्रमुख होती. तिचा आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. लहानपणी तिच्या शेजारी उभे राहून तिचे गाणे ऐकताना शिडीला सुराचे वेड लागले होते. त्याला जगात एकच गोष्ट मनापासून हवी होती: ताई गात असताना तिच्या पाठीशी उभे राहून वाजवायचे. आणि ताई ते होऊ देत नव्हती. "तुझा तो नाचघरातला डबा इथे आणायचा नाही," असे तिने ठणकावून सांगितले होते. डबा म्हणजे मी, मित्रांनो. शिडीने पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या, पण ताई बधली नाही.

मग एकदा चर्चच्या जुन्या ऑर्गनचा भाता फाटला. आधाराला काही नसल्यामुळे गाताना सगळ्यांचा सूर हळूहळू घसरायचा, आणि गाणे संपेपर्यंत मंडळी भलतीकडेच पोचलेली असायची. एक रविवार ताईने कसाबसा काढला. नंतर ती स्वतः तीन मजले चढून धापा टाकत आली आणि दारातूनच म्हणाली, "येत्या रविवारी तो डबा घेऊन ये." शिडीने मला त्या आठवड्यात इतक्या वेळा पुसले की माझे पॉलिश जायची वेळ आली.

पहिल्या सरावात त्याने हौसेने सगळी करामत दाखवली. ताईने हात वर करून गाणे थांबवले. "अरे, मी बोलत असताना लहानपणीही तू मध्ये मध्ये बोलायचास. एक स्वर दे आणि गप्प बस. मला गरज वाटली की दुसरा दे." सगळी मंडळी हसली. शिडीचे कान लाल झाले. पण तो शिकला. एक स्वर द्यायचा आणि तो विरेपर्यंत वाट पाहायची. ते वाट पाहणे त्याने शनिवारी नाचघरातही नेले, आणि गंमत म्हणजे तिथे लोक प्रथमच मान वळवून मागे बघू लागले. पुढे मोठमोठ्या बँडची बोलावणी आली, रेकॉर्ड निघाल्या, छापखाना सुटला. लोक विचारायचे, कोणत्या उस्तादाकडे शिकलात? तो सांगायचा, "घरीच."

आता माझ्या दुखण्याची गोष्ट सांगतो. चर्चमध्ये थंडीत शेगडी पेटवत, आणि माझी जागा नेमकी तिच्याजवळ. कोरड्या उष्ण हवेने माझ्या पोटाच्या कडेचा सांधा थोडा सुटला आणि वाजवताना भुणभुण येऊ लागली. ताईचे यजमान, म्हणजे शिडीचे भावोजी, कपाटे बनवायचे. भला माणूस, मदतीला सदा एका पायावर तयार. त्यांनी शिडीला न सांगता आपला सर्वांत जबर गोंद आणला, सांध्यात भरला आणि शिकंजे लावून मला आवळून टाकले. "आता हत्तीने ओढलं तरी सुटणार नाही," ते हात झटकत म्हणाले. भुणभुण गेली. भावोजींना कोण आनंद झाला! शिडीनेही त्यांचे आभार मानले.

पुढच्या हिवाळ्यात, ऐन प्रार्थनेत, काठी मोडावी तसा आवाज झाला. माझी पुढची फळी खालच्या कडेपासून वरपर्यंत चिरली होती. गाणे थांबले. मागच्या बाकावरचे भावोजी उठून मुकाट्याने बाहेर गेले.

वाद्यकार आता म्हातारा झाला होता. त्याने माझ्या भेगेवरून बोट फिरवले आणि शिडीला समजावले. "मी इथे सरस मुद्दाम हलका लावतो. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं. तेव्हा सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं. सांधा पुन्हा चिकटवायला कितीसा वेळ लागतो? तुझ्या भावोजींनी सांधाच असा पक्का केला की लाकडाला हलायला जागा उरली नाही." मग तो स्वतःच्या थरथरणाऱ्या हातांकडे बघून म्हणाला, "दुरुस्त होईल. पण हे हात आता ते करणार नाहीत."

मी कित्येक महिने बाकावर पडून राहिलो. शिडी दुसऱ्याचा बेस घेऊन दौऱ्यावर जायचा. खोटे कशाला बोलू, मला असूया वाटायची. पण त्याहून वाईट म्हणजे भावोजी शिडीच्या समोर येईनात, आणि ताईनेही त्याला चर्चमध्ये बोलावणे बंद केले. "माझ्याच घरातून तुझं नुकसान झालं. कोणत्या तोंडाने तुला वाजव म्हणू?" ती म्हणाली. इतक्या वर्षांनी मिळालेली ती जागा शिडीच्या हातून पुन्हा निसटली होती.

शेवटी एका सकाळी शिडी भावोजींच्या कारखान्यात गेला आणि त्यांचा दंड धरून त्यांना वाद्यकाराकडे घेऊन आला. "भावोजी, यांचे डोळे शाबूत आहेत आणि तुमचे हात. दोघं मिळून माझं वाद्य उभं करा," तो म्हणाला. भावोजी म्हणाले, "मी पुन्हा हात लावू? तुझी छाती होते?" शिडी म्हणाला, "तुम्ही नाही लावणार तर कोण लावणार?"

मग भावोजी रोज येऊ लागले. म्हातारा स्टुलावर बसून सांगायचा, ओरडायचा, क्वचित "हं" म्हणायचा. भावोजींनी वाफेने आणि पातळ सुरीने स्वतःचाच गोंद इंच इंच सोडवला, मला उघडले, भेग मिटवली आणि आतून तिच्यावर लाकडाच्या लहान लहान टिकल्या बसवल्या. मला बंद करताना त्यांनी सरस हलका लावला. इतका हलका, की म्हातारा चक्क हसला. शिडीने पहिली तार छेडली तेव्हा भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. माझा आवाज आला आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते रडत होते. मलाही रडता येत असते तर मी रडलो असतो. पुढच्या रविवारी ताईने मला शेगडीपासून दूर, स्वतःच्या मागे उभे केले.

त्यानंतरची वर्षे सुखाची गेली. पण माणसाच्या हातालाही हवा बाधते. शिडीच्या डाव्या हाताची बोटे सांध्यात सुजून आखडू लागली. माझ्या तारा जाड. त्या मानेवर दाबून धरायला जोर लागतो. एकेक स्वर चुकू लागला. त्याने बँड सोडले, कोणाविषयी कडवट शब्द न काढता. रेकॉर्डिंग सुटले, दौरे सुटले. उरला तो ताईच्या मागचा रविवार. आणि एके दिवशी त्याने बायकोला सांगितले, "या रविवारी शेवटचं. ताईचं गाणं माझ्यामुळे बिघडायला नको." बायकोने हे ताईच्या कानावर घातले.

त्या रविवारी ताई कधी नव्हे ती गाणाऱ्या मंडळींच्या बरीच आधी आली. शिडीने मला बाहेरच्या पडवीत टेकवून ठेवले होते आणि तो लांब, रस्त्यापलीकडे भावोजींशी बोलत उभा होता. ताईने आत एकटीने एकदा गाणे म्हणून पाहिले, नेहमीच्या उंच पट्टीत. आता तिचेही केस पांढरे झाले होते, पण आवाज वर गेला तो अगदी सहज, कुठेही न फाटता. तिथे ऐकायला मी एकटाच होतो.

मंडळी जमली. ताईने सूर दिला तो पुष्कळ खालचा. वरच्या सुरात गाणाऱ्या बायका कुरकुरल्या, "ताई, फारच खाली जातंय." ताई म्हणाली, "गाता येतंय ना? मग गा." गाणे सुरू झाले. शिडीने घाबरत पहिला स्वर दिला. मग दुसरा. मग तिसरा. मित्रांनो, त्या पट्टीत गाण्याला लागणारे तिन्ही मुख्य स्वर माझ्या मोकळ्या तारांवर मिळतात. तार दाबावीच लागत नाही. उजव्या हाताने नुसती छेडायची. शिडीचा आखडलेला डावा हात माझ्या मानेवर टेकलेला होता, मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा. गाणे संपेपर्यंत एकही स्वर चुकला नाही.

बाहेर पडताना त्याने विचारले, "ताई, पट्टी बदललीस?"

"माझा आवाज आता वर जात नाही रे," ताई म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. शिडी तिच्याकडे बघत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. वाद्यांना शेगडीजवळ आणि उन्हात ठेवू नका, त्यांच्यावर ओले कपडे वाळत घालू नका, आणि मोडले तर ज्याला कळते त्याला विचारा. आमची कुरकुर नसते, पण आम्हाला जपलेले कळते. आणि तुमच्या घरात कोणाचे हात थकले असतील, तर त्याला प्रेमाने घरी बसवू नका. गाणे थोडे खाली आणा. ते का खाली आणले, हे त्याला सांगू नका.