माककाकांचे तीन नाश्ते

कोळंबीच्या डंपलिंगची पारी किती पातळ असावी, यावरून माककाकांच्या तिन्ही मुलांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. हाँगकाँगात घरं विकण्यावरून भांडणं होतात, सुनांवरून होतात, आणि ती यथावकाश मिटतात. हे मात्र मिटेना, कारण इथे प्रत्येकाची जीभच साक्षीला उभी होती.

थोरली वाय-क्वान. तिचं दैवत म्हणजे नॉर्थ पॉइंटचं जुनं हॉटेल, जिथे बायका वाफाळत्या टोपल्यांच्या ढकलगाड्या घेऊन ओरडत फिरतात आणि जागा हवी असेल तर खाणाऱ्याच्या खुर्चीमागे, त्याच्या मानेवर श्वास सोडत उभं राहावं लागतं. मधला चिन-होंग मॉलमधल्या चकाचक हॉटेलाचा भक्त. तिथली पारी इतकी पातळ, की आतली कोळंबी लाजते म्हणे. धाकटी लोक-यी चढावरच्या एका चिमुकल्या ठिकाणी जायची, जिथे सगळं पौष्टिक होतं आणि कशालाच फारसं मीठ नव्हतं. रविवारी चहा-नाश्त्याला जायचं तर आपल्याच ठिकाणी, असा तिघांचाही हट्ट. एका रविवारी चिन-होंग म्हणाला, ताईच्या हॉटेलातली पारी म्हणजे गमबूट. ताई म्हणाली, तुझ्या मॉलमध्ये खायला फक्त एसी आहे. लोक-यी म्हणाली, तुम्हा दोघांच्याही जिभा मेल्यात, आणि मग सगळंच संपलं. काकांनी मध्ये पडायला हवं होतं, पण त्या वेळी त्यांच्या तोंडात कोंबडीचा अख्खा पाय होता.

पुढे प्रत्येकानं काकांना वेगळं गाठून सांगितलं, बाबा, तुम्ही माझ्याबरोबर यायचं. काकांनी जन्मभर ट्राम चालवलेली. थांब्यावर उभ्या माणसाला सोडून पुढे जायची सवयच नाही. ते तिघांनाही हो म्हणाले आणि दर रविवारी तीनदा नाश्ता करू लागले. सकाळी थोरलीकडे, मग धावतपळत मॉलमध्ये, दुपारकडे चढावर, आणि तिन्हीकडे सकाळपासून पोटात काही नसल्याचं सोंग. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडावं लागलं. एकदा तिसऱ्या ठिकाणी ते हातात काड्या धरून बसल्याबसल्या झोपले. लोक-यीला वाटलं, बाबांना आईची आठवण आली. तिनं त्यांच्या वाटीत आणखी दोन डंपलिंग टाकले.

पोटाचं काय, ते सोसलं असतं. पण कुठेही गेलं तरी समोर ते मोठं गोल टेबल, मध्ये फिरतं ताट, आणि फिरवायला माणसं दोनच. काकांना फार वाईट वाटायचं. त्यांना तिघं एका टेबलाशी बसलेली हवी होती, बाकी काही नको होतं.

शेवटी एका शनिवारी त्यांनी तिघांना फोन केला. उद्या मी शाम शुई पोमधल्या पुलाखालच्या हॉटेलात बसणार आहे, यायचं तर या, नाहीतर मी एकटा खाईन. हे हॉटेल का, तर तिघांपैकी एकानंही कधी त्याचं नाव काढलं नव्हतं. कुणाचीच जीत होणार नव्हती. याहून अधिक चौकशी काकांनी केली नाही. खरं तर दारातच शंका यायला हवी होती. भर रविवारी अकराला रिकामी टेबलं दिसणं हा आमच्याकडे अपशकुनच.

मुलं आली. भावंडांना बघून प्रत्येकाचं तोंड वाकडं झालं आणि पाय मागे वळले. पण काका आधीच, खाण्याआधीच्या रिवाजाप्रमाणे, गरम चहानं चौघांच्या वाट्या विसळत बसले होते. म्हाताऱ्या बापानं विसळलेली वाटी टाकून जाणार कोण? बसली.

चहा ओतायचा मान धाकटीचा, म्हणून लोक-यीनं कुणाकडे न बघता सगळ्यांचे कप भरले. आता, कपात चहा पडला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे, ही सवय दूधपित्या वयापासूनची. ताईची बोटं वाजली. दादाचीही वाजली. ताई आपल्या बोटांकडे घरभेद्याकडे बघावं तशी बघत राहिली.

मग डंपलिंग आले. तिघांनी एकदमच चावा घेतला आणि तिघांचेही जबडे मध्येच थांबले.

"हे काय आहे?" ताईनं छताला विचारलं.

"उशी," चिन-होंग म्हणाला.

"उशी मऊ असते रे, दादा," लोक-यी म्हणाली.

आणि बांध फुटला. मुळ्याच्या वडीत मुळा शोधून दाखव, असं ताईनं भावाला आव्हान दिलं. मुळा आला होता, जागा बघून परत गेला, असं तो म्हणाला. ताईच्या नाकात चहा गेला आणि तो तिच्या पाठीवर थापट्या मारत बसला. आणखी किती वाईट असू शकतं हे बघायला त्यांनी मुद्दाम दोन पदार्थ जास्त मागवले. पाव आतून थंड होता, तेव्हा तर तिघांना फार आनंद झाला. वाढणारी बाई दगडी चेहऱ्यानं एकेक कोमट टोपली आपटून जात होती. फिरतं ताट गरगर फिरत होतं. काका नुसते चावत होते. इतकं भिकार त्यांनी आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि इतकं सुखही त्यांना कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मोहरीची चटणी जास्त लागली असेल, असं समजून ताईनं त्यांना पाणी दिलं.

"ते जाऊ दे," चिन-होंग तोंड पुसत म्हणाला, "पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे, मॉल—"

ताईनं कप खाली ठेवला. लोक-यीची मान ताठ झाली. काकांनी घाईघाईनं फिरतं ताट हातानं थांबवलं.

"मी पुढच्या रविवारी इथेच येणार," ते म्हणाले. "मला आवडलं."

तिघंही सारखीच हादरली.

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना?" ताई म्हणाली. "इथे रविवारचं कोण येतं?"

"आपण," काका म्हणाले.

ताईनं भावाकडे पाहिलं, भावानं धाकटीकडे. मग लोक-यीनं हात लांब करून चहाच्या किटलीचं झाकण तिरपं करून ठेवलं, म्हणजे आणखी पाणी आणा, आम्ही अजून बसतोय. आणि ती बाई, सगळं कोमट आणणारी, पाणी मात्र उकळतं घेऊन आली.