दहा मिनिटांचे वर्तुळ

तेजस्विनीने नकाशावरच्या टाकीवर माउस टेकवून वर्तुळ ओढले, आणि वाडी अख्खी आत आली. चौसष्ट घरे, शाळा, गोठे, बसथांब्याची शेड. तिने आकडे पुन्हा भरले. वाऱ्याची दिशा बदलून पाहिली. वाडी आतच राहिली.

परदेशातून जहाजाने अमोनिया आणायचा, पाइपलाइनने घाट चढवून पुण्याजवळ साठवायचा आणि त्यातून हायड्रोजन काढून कारखान्यांना द्यायचा, म्हणजे त्यांच्या भट्ट्या कोळशावाचून चालतील. बाणेरच्या त्या कचेरीत दोन वर्षे हेच काम चालले होते आणि तेजस्विनीचा त्यावर मनापासून विश्वास होता. तिच्या वाट्याला एकच प्रश्न आला होता. धायरीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी बांधायची टाकी कधी गळलीच, तर वायू माणसे मारत कुठवर जाईल?

"गळती थांबायला किती वेळ धरलाय?" विभागप्रमुख श्रीधर साठ्ये मागे येऊन उभे राहिले होते.

"दहा मिनिटं."

"दोन धरा. व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. त्यासाठीच बसवतो आपण तो."

"झाला तर दोन, सर. नाही झाला, तर माणसाला जाऊन बंद करावा लागतो. बंदरावरच्या टाकीला आपण दहाच धरली होती."

"तिथे आसपास कोणी राहत नाही. तिथे दहा काय, तासभर धरा."

तिने त्यांच्यादेखत दोन मिनिटांचे वर्तुळ काढले. ते वाडीच्या अलीकडे, ओढ्यापाशी थांबले. एकही घर आत नव्हते. साठ्यांनी तिच्याकडे पाहिले, चष्मा पुसला आणि ते आपल्या खोलीत गेले.

पाहणीसाठी ती दोन दिवस वाडीत हिंडली होती. कात्रजच्या डेअरीला दूध घालणारा मच्छिंद्र लायगुडे तिच्याबरोबर दारोदार फिरला होता. त्याची आई बायडाबाई दम्याने खाटेला खिळलेली. तिच्या नावापुढे तेजस्विनीने लिहिले होते, 'स्वतः चालू शकत नाही.' असे शेरे एकूण नऊ होते.

तिने अहवालात दहा मिनिटेच ठेवली. टाकी दोन किलोमीटर वरच्या ओसाड पठारावर नेता येईल, असा आराखडाही जोडला आणि खाली सही केली. साठ्यांनी तो वाचला.

"बरं," एवढेच म्हणून त्यांनी तो पुढे पाठवला. त्या दिवशी ती घरी जाताना मुलीसाठी आंबाबर्फी घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी साठ्यांनी तिला बोलावले.

"अभिनंदन. तुमचा अहवाल जसाच्या तसा मान्य झाला. एक ओळसुद्धा बदलली नाही."

"म्हणजे टाकी पठारावर?"

"टाकी ठरलीय तिथेच. जागा ताब्यात आलीय, पाइपलाइनचा मार्ग मंजूर आहे. तो आता कोण बदलणार?" त्यांनी सरकारी आदेशाचा कागद तिच्याकडे सरकवला. "वस्ती हलवायची. वर्तुळाच्या आत राहणं धोक्याचं आहे, असं तुम्हीच सिद्ध केलंय."

कागदावर तिच्या अहवालाचा क्रमांक होता, पान क्रमांक होता, आणि तिचे पूर्ण नाव. ती उभीच राहिली.

"सर, दोन मिनिटं धरली तर..."

"आता?" साठ्ये हसले नाहीत. "मी म्हणालो होतो तेव्हा तुम्हाला माणसांची काळजी होती. आता ती सरकारला वाटते आहे."

"कुठे हलवणार आहेत?"

"ते आपल्या कामात येत नाही."

सोमवारी दुपारी रिसेप्शनवरून फोन आला. मच्छिंद्र खाली बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिला पाहताच तो उठला.

"वाडीतल्या मीटिंगमध्ये तुमचे साठ्ये साहेब सांगत व्हते, मॅडम आमच्यासाठी लई भांडल्या म्हनून."

तिने त्याला बसायला सांगितले आणि शेजारी बसली.

"मी टाकी हलवा म्हटलं होतं, दादा."

"आमाला ठाव हाय. तुमच्यावर राग न्हाई." त्याने पिशवीतून कागद काढला. "पन साहेब म्हनले, दोन मिन्टं धरली असती तर गोल ल्हान झाला असता न् गाव ऱ्हायलं असतं. खरं हाय का?"

"हो."

"मग ल्हान करा."

"दादा, गोल लहान केला म्हणून वायू कमी होत नाही. टाकी गळली तर..."

"गळंल तवा गळंल. पन घरं सोडायच्या नोटिसीत तारीख हाय." तो सावकाश बोलत होता, जणू तिलाच समजावत होता. "आईला खाटंसकट कुठं नेऊ? आमी लिवून दिलंय. आमच्या जिवाची जबाबदारी आमची. समद्यांच्या सह्या हायती."

तेजस्विनीने कागद घेतला. चौसष्ट घरांच्या सह्या होत्या, काही शाळेतल्या पोरांसारख्या नीट काढलेल्या, काही नुसते अंगठे. बायडाबाईचा अंगठा पहिला होता, शाई जरा पसरलेली. कागदात शेवटी विनंती होती, की गळती दोन मिनिटांत थांबेल असे मॅडमनी कृपया लिहावे.

"हे आता माझ्या हातात नाही."

"मग कुनाच्या?"

काचेच्या दारापलीकडे सिक्युरिटीवाला त्यांच्याकडे बघत होता.

मच्छिंद्रने पिशवीतून त्याच कागदाची झेरॉक्स काढून तिच्यापुढे ठेवली आणि खिशातले पेन टोपण काढून तिला दिले.

"पोच द्या."

तिने झेरॉक्सच्या कोपऱ्यात 'मिळाले' असे लिहिले. खाली तारीख घातली, आणि सही केली.