चौदाव्या रांगेतला दगड

मैत्री ओव्हाळला हा नाद लागला तो ऑफिसातल्या रिकामपणामुळे. २००३ साली हिंजवडीच्या कंपनीत तिचं प्रोजेक्ट अचानक बंद पडलं आणि तिला अडीच महिने बेंचवर बसवून ठेवलं. म्हणजे सकाळी सातला वारज्यातून कंपनीची बस पकडायची, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम असल्यासारखं बसायचं आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून घरी यायचं. त्या दिवसांत तिला इंटरनेटवर एक ग्रुप सापडला. इंग्रजांच्या काळात इथे वारलेल्या आपल्या नातलगांची थडगी शोधणारे परदेशातले लोक तिथे नावं टाकत, आणि इथल्या कुणी फोटो काढून पाठवला तर भरभरून आभार मानत. पहिला फोटो तिने गंमत म्हणून पाठवला. वर्षभरात तिचे सगळे रविवार पुण्यातल्या जुन्या दफनभूमींत जाऊ लागले.

काम तिला जमतही गेलं. झुडपं तोडायला कोयता, अक्षरांतलं शेवाळ काढायला दात घासायचा जुना ब्रश, आणि एक हातातला आरसा. आरशाने उन्हाचा तिरका कवडसा दगडावर पाडला की शंभर वर्षांची पुसट अक्षरंही वर येतात, हे तिचं तिलाच कळलं होतं. कॉलऱ्याने गेलेले शिपाई, बाळंतपणात गेलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या बायका, आणि मुलं. मुलं फार.

तिचे वडील तात्याराव पोस्टातून सॉर्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी तिला कधी अडवलं नाही, पण एकदा चहा पिता पिता म्हणाले, "माझ्या आईला कुठे पुरलं ते मला दाखवता येणार नाही. गावाबाहेरची आपली जागा होती. दगड लावायची ऐपत नव्हती. आता तिथे कुणाचं तरी गोडाऊन आहे. आणि आमची लेक साहेबांची थडगी धुते."

"म्हणूनच धुते, पप्पा," मैत्री म्हणाली. याचा अर्थ विचारला असता तर तिलाही नीट सांगता आला नसता.

२००४च्या नोव्हेंबरात ग्रुपवर हॅलम नावाच्या एका म्हाताऱ्याचं पत्र आलं. वय एकोणऐंशी. त्याची धाकटी बहीण ईडिथ १९३१ साली पुण्यात घटसर्पाने गेली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याच वर्षी आईवडील त्याला घेऊन मायदेशी परतले आणि आईने पुढे मरेपर्यंत त्या मुलीचं नाव काढलं नाही. आईच्या पेटीत त्याला दफनाची एक पावती सापडली होती. रांग चौदा, क्रमांक नऊ. तिथे काही उरलं असेल तर बघाल का, एवढंच त्याने विचारलं होतं.

ती दफनभूमी खडकीच्या अलीकडे, रस्त्याला लागून होती. एक कमिटी तिचा कारभार बघायची, पण जुन्या भागात कुणी फिरकत नसे. फाटकाशी दोन खोल्यांत रामदास हा वॉचमन आणि त्याची बायको सुंदराबाई राहायचे. मुळशीकडची माणसं. मैत्री पोचली की थोड्या वेळाने सुंदराबाई स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन यायची आणि शेजारच्या थडग्यावर बसून विचारायची, "ही कोन व्हती? हिला काय झालं व्हतं?" मैत्री वाचून दाखवायची. सुंदराबाई ऐकायची, जीभ टाळ्याला लावून हळहळायची आणि रिकामा पेला घेऊन परत जायची.

चौदाव्या रांगेत आठ नंबर होता, दहा नंबर होता. नऊच्या जागी नुसती दगड बसवायची खाच. मैत्रीने तीन रविवार आजूबाजूचं गवत उपसलं. तिसऱ्या रविवारी ती शोधत शोधत पार रस्त्याकडच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे चिंचेखाली थोडी जागा झाडून, शेणाने सारवलेली होती. मधोमध एक दगड आडवा घातलेला, त्यावर झेंडूची फुलं. खिळ्याने कोरावं तशी वेडीवाकडी अक्षरं होती, 'हिरा'. पण दगडाच्या कडेला द्राक्षवेलीची नक्षी होती, आणि तसलीच नक्षी चौदाव्या रांगेतल्या बाकीच्या दगडांवर होती. मैत्रीने वाकून कडेखाली बोटं घातली. खालच्या बाजूला इंग्रजी अक्षरं लागली.

"ताई, त्यो नका उचलू."

सुंदराबाई मागे उभी होती. हातात चहाचा पेला तसाच.

मग तिने सांगितलं. हिरा त्यांची मुलगी. अडीच वर्षांची. सहा वर्षांपूर्वी आषाढात जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि दीड दिवसात सगळं आटोपलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. मुलं पुरायची जागा नदीपलीकडे, आणि पुलावर पाणी. रामदासने भिंतीशी खड्डा काढला.

"दुसऱ्या दिवशी बघती तर कुत्री उकरत व्हती," सुंदराबाई म्हणाली. "ह्यो दगड पालथा पडल्याला व्हता तिकडं. कुनी इचारीत न्हवतं त्याला. ह्यांनी वढत आनून घातला. म्या म्हनलं, आता घातलाय तर नाव बी काढा."

सुंदराबाईने विचारलं, "खाली काय लिवलंय?"

रामदासला बोलावून तिघांनी दगड उभा केला. मैत्रीने माती पुसली, आरसा धरला आणि वाचलं. ईडिथ हॅलम. चार वर्षं दोन महिने.

"पोरगीच व्हती व्हय," सुंदराबाई म्हणाली. "आन आईबाप?"

"निघून गेले. परत आले नाहीत."

"मंग तिला बी कोन न्हवतंच की."

मैत्रीने फोटो काढला आणि दगड होता तसा ठेवला. तिला फाटकाशी सोडताना रामदास म्हणाला, "ताई, ह्ये बाहेर जाऊ देऊ नका. नोकरी बी ह्येच आन घर बी ह्येच हाय."

"नाही सांगणार," मैत्री म्हणाली. आणि तेव्हा ते खरंच होतं.

हॅलमचं उत्तर दोन दिवसांत आलं. फोटो बघून तो रडला होता, हेही त्याने लिहिलं होतं. खाली एक शंका होती. कोपऱ्यात पिवळी फुलं दिसतात, ती ताजी आहेत. ती कोण ठेवतं?

मैत्री आठवडाभर त्या मेलपाशी घोटाळत राहिली. माहीत नाही, असं लिहिता आलं असतं. पण तिला वाटलं, एवढा म्हातारा माणूस, हजारो मैलांवर. आपल्या बहिणीच्या दगडापाशी रोज कुणीतरी झाडतं, हे मरायच्या आधी त्याला कळलं तर कुणाचं काय जातं? तिने सगळं लिहिलं. हिरा, कुत्री, चिंच, सगळं. हे तुमच्यापाशीच ठेवा, असं शेवटी लिहायला घेतलं होतं, पण त्यात त्याच्यावर अविश्वास दिसेल म्हणून ती ओळ खोडली.

पुढचे दोन महिने तिला नवं प्रोजेक्ट मिळालं, रविवारीही ऑफिस. फेब्रुवारीत ती तिकडे गेली तेव्हा फाटकाशी सिक्युरिटी एजन्सीचा गणवेश घातलेला अनोळखी माणूस खुर्ची टाकून बसला होता. दोन्ही खोल्यांना कुलूप. मैत्री जवळजवळ धावत चौदाव्या रांगेत गेली. नऊ नंबरच्या खाचेत ईडिथचा दगड ओल्या दिसणाऱ्या नव्या सिमेंटमध्ये ताठ उभा होता. तिने मागे जाऊन पाहिलं. 'हिरा' मशीनने घासून काढलं होतं. तेवढाच भाग पांढरा पडला होता. चिंचेखाली सपाट माती.

कमिटीच्या सेक्रेटरींचं, साळव्यांचं, छोटंसं ऑफिस फाटकाशेजारीच होतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, नाव विचारलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे फोटो आपलाच. मिस्टर हॅलमनी आपलं फार कौतुक केलंय. अहो, आभारच मानायला हवेत. आमच्या दफनभूमीत सहा वर्षं काय चाललंय, ते आम्हाला इंग्लंडहून कळलं."

"त्यांनी कमिटीला पत्र लिहिलं?"

"लिहिलं ना. वॉचमन आणि त्याच्या पत्नीचा सत्कार करा म्हणून." साळव्यांनी फाइल उघडून पत्र तिच्यापुढे सरकवलं. हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र. शेवटी हॅलमने विनंती केली होती की, दगड हलवू नये, दोघी मुलींचा मिळून तो राहू द्यावा.

"हलवू नका असं स्पष्ट लिहिलंय त्यांनी," मैत्री म्हणाली.

"वाचलंय मी. त्यांची बहीण रजिस्टरमध्ये आहे, ती दुसरी मुलगी नाही. आमच्याच ख्रिस्ती माणसांना इथे जागा नाही म्हणून मी परत पाठवतो. वॉचमनने आपली मुलगी पुरली आणि सेक्रेटरी गप्प बसले, असं उद्या कुणी म्हटलं तर?" त्यांनी फाइल मिटली. "आम्ही खाली काही उकरलेलं नाही. दगड फक्त उचलला. आणि तसंही ती बाजू रस्तारुंदीत जाणार आहे. नोटीस येऊन पडलीय."

"ते दोघं कुठे गेले?"

"कात्रजला कुणी नातेवाईक आहेत म्हणाले. मी विचारलं नाही फारसं. आपण विचारलं असतंत, नाही का?"

घरी येऊन मैत्रीने हॅलमला मेल लिहिली. रागाच्या भरात लिहिली, पुन्हा न वाचता पाठवली. त्याचं उत्तर तीन ओळींचं होतं. मी फक्त आभार मानले, असं त्याने लिहिलं होतं. माझ्या हातून हे काय झालं? त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही आणि मैत्रीनेही नाही.

तात्यारावांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या दोघांनी सांगू नको म्हटलं होतं?"

"हो."

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "निरोप पाठवू नकोस. स्वतः जा."

कात्रजला शोधण्यात तिचे चार रविवार गेले. रामदासला डोंगराकडच्या एका बांधकामावर राखणीचं काम मिळालं होतं. पत्र्याच्या खोलीसमोरून मैत्री येताना त्याने पाहिलं आणि तो उठून आत गेला, तो परत बाहेर आला नाही. सुंदराबाई एका मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात लग्नाची भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"ताई, तुमी सांगितलं."

"हो."

"कुनाला?"

"त्या मुलीच्या भावाला. तो म्हातारा आहे. मला वाटलं..."

सुंदराबाईने पातेलं उलटं केलं, बूड घासलं. "त्यो काय म्हनला?"

"दगड दोघींचा राहू द्या म्हणाला. त्याचं ऐकलं नाही त्यांनी."

सुंदराबाईचा हात थांबला. "मंग त्यो बरा मानूस हाय," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

मैत्रीने नवा दगड करून द्यायचं म्हटलं. त्यावर नीट नाव घालू, तारीख घालू. सुंदराबाई म्हणाली, "दगड ठेवायचा कुठं? मला एकडाव तिथं न्या. आमाला फाटकातनं आत घेत न्हाईत."

मैत्रीने साळव्यांना फोन केला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. अर्धा तास, म्हणाले, आणि वॉचमनला आणू नका. एप्रिलातल्या एका बुधवारी मैत्रीने रजा टाकली आणि सुंदराबाईला रिक्षाने घेऊन गेली. सुंदराबाईने धुवट लुगडं नेसलं होतं.

फाटकातून आत गेल्यावर सुंदराबाई सरळ भिंतीकडे चालत सुटली आणि मध्येच थबकली. भिंत नव्हती. चिंच नव्हती, तिचा बुंधासुद्धा नव्हता. जुनी भिंत होती त्याच्या बरंच आत सिमेंटच्या विटांची नवी भिंत कमरेइतकी आली होती आणि तिच्यापलीकडे खडी पसरली होती.

"चिचंपासनं सात पावलं," सुंदराबाई म्हणाली. "तोंड फाटकाकडं करायचं आन सात पावलं."

ती भिंतीवरून पलीकडे उतरली. खडीवर उभी राहून तिने फाटकाकडे तोंड केलं. चार पावलं टाकली, मागे फिरली, दुसरीकडून टाकली. कुठून मोजायचं तेच तिला लागेना. मैत्रीही उतरली. तिने आपल्या जुन्या फोटोवरून अंदाज काढायचा प्रयत्न केला, पण त्या फोटोत सारा भर दगडावर होता. भोवतालचं काही आलंच नव्हतं.

"ओ मावशी, बाजूला व्हा," रस्त्याच्या कामावरचा मुकादम ओरडला. "रोलर यायचाय इकडं."

मैत्री त्याच्याकडे गेली. इथे खोदताना काही निघालं का, तिने विचारलं.

"मातीत काय न काय निघतंच, मॅडम," तो म्हणाला. "सगळी डंपरनं गेली."

"कुठे?"

"आता ते कसं सांगणार? भराव जिथं लागंल तिथं."

हे सुंदराबाईने ऐकलं. ती रडली नाही. खडीवरून चालत नव्या फुटपाथच्या कडेला आली आणि तिथे बसली. रोलर आला, तिच्या समोरून गेला, परत आला. दुपारचं ऊन तापलं होतं. मैत्रीने पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. मैत्री शेजारी बसायला वाकली तेव्हा ती म्हणाली, "तुमी जावा आता."

"तुम्ही घरी कशा जाल?"

"जाईन म्या. तुमी जावा."

मैत्री रस्ता ओलांडून बसस्टॉपवर उभी राहिली. तिथून सुंदराबाई दिसत होती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मैत्रीने दोन बस सोडल्या. तिसरी आली, तिच्यात ती चढली.