तिसरी खुर्ची

फट्! दुपारच्या शांततेत फुगा फुटला आणि साबणाचा फेस भिंतीवर, कॅलेंडरवर, टिकलीच्या नाकावर उडाला. पाच वर्षांची टिकली खिदळली. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या तिच्या आईनं मात्र मान वर केली नाही. नवऱ्याचा चेहरा तिला आत्ता बघायचा नव्हता.

फुग्याला फेस फासून त्यावरून वस्तरा फिरवायचा. फुगा फुटला नाही तर हात तयार झाला म्हणायचं. न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करणारी पोरं असंच शिकतात. तोही सोळाव्या वर्षी असाच शिकला होता.

"पस्तिशीच्या घोड्याला पुन्हा पहिलीत बसवलं बघ," तो भिंत पुसत म्हणाला. ती हसली. हसायला हवं होतं म्हणून.

चिकुनगुनियाचा ताप पाच दिवसांत उतरला, पण दुखणं बोटांच्या पेरांत ठाण मांडून बसलं. साडेतीन महिने झाले. सकाळी मूठ मिटत नसे. शर्टाची बटणं तीच लावून द्यायची. गोळी घेतली की पोटात आग, नाही घेतली की मनगट टम्म. डॉक्टर म्हणाले होते, धीर धरा, काहींना वर्ष लागतं. तेवढा धीर धरायचा तर घरातलं काय काय विकावं लागेल, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिचं शिलाई मशीन तर गेलंच होतं.

ताप गल्लीतल्या घराघरांत शिरला होता, तरी तिला वाटे, तो आपल्याच मोरीतून निघाला. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी तिथल्या पिंपात बॅटरीचा उजेड पाडून तिला डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या होत्या. झाकण तडकलेलं, आज आणू, उद्या आणू करता करता राहून गेलं. हे ती नवऱ्याजवळ कधी बोलली नाही.

दुकानात त्याची तिसरी खुर्ची. आरशापुढे ज्याची कात्री, त्याची खुर्ची, असा तिथला रिवाज. मालकानं ती कात्री इतके दिवस हलवली नव्हती. दुकानाचे टॉवेल धुवायचं काम तिनं धरलं ते चार पैशांसाठी तर खरंच. पण रोज जाऊन कात्री जागेवर आहे ना, हे डोळ्यांनी बघता यावं म्हणूनही. घरी परतली की नवरा विचारायचा आणि ती सांगायची, "आहे हो, आहे."

त्या संध्याकाळी ती दुकानात शिरली, तर तिसऱ्या खुर्चीमागे कुणी नवा माणूस शीळ घालत गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत होता. मालकानं धुतलेले टॉवेल मोजले. मग पुन्हा मोजले.

"वहिनी, गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायला लागली हो. मी तरी रिकामी खुर्ची किती दिवस पुसत बसू?"

एका नॅपकिनमध्ये गुंडाळलेली कात्री त्यानं तिच्या हातात दिली. हात बरा झाला की बघू, म्हणाला. ती भांडायच्या तयारीत होती, पण माणूस वाईट नव्हता. भांडायचं तरी कोणाशी? तिनं कात्री मळक्या टॉवेलांच्या गाठोड्यात खोल खुपसली.

घरी आली तर दारातच टिकली ओठांवर बोट ठेवून उभी. "हळू ये. बाबांचा फुगा झोपलाय."

आत दिव्याखाली फुगा होता. लाल, गुळगुळीत, फेसाचा एक ठिपकाही नाही. नवरा घामानं निथळत होता. वस्तऱ्याभोवती आखडलेली बोटं तो दुसऱ्या हातानं एकेक करून सोडवत होता. चेहरा मात्र सोळा वर्षांच्या पोराचा.

"पूर्ण केला गं. एकदा सोडून दोनदा." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आहे ना जागेवर?"

"आधी हात शेकून घ्या," ती म्हणाली आणि पाणी तापवायला वळली.

मागे टिकलीनं नेहमीसारखी गाठोड्याची गाठ ओढली. टॉवेल घरंगळले, फरशीवर खण्णकन काहीतरी वाजलं.

"आई, बाबांची कात्री तू घरी कशाला आणलीस?"